गोचीड दिसलीच नाही, मग ताप आला कुठून?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय का ते तुम्हालाच कळेल. चिकू, चार वर्षांचा लॅब्रॅडोर, वजन ३१ किलो. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तीन-चार दिवस त्याने जेवणाला तोंड लावलं नाही, अंग तापलेलं होतं आणि एके सकाळी नाकातून रक्ताचे थेंब आले. दवाखान्यात ताप १०४ निघाला, प्लेटलेट ३८,०००. डॉक्टरांनी गोचीडताप सांगून डॉक्सिसायक्लिन २८ दिवस लिहून दिलं. आज नववा दिवस. तिसऱ्या दिवसापासूनच तो जेवायला लागलाय आणि आता चेंडू तोंडात धरून तुमच्या मागे फिरतोय. तर गोळ्या थांबवायच्या का? सासूबाई पपईच्या पानांचा रस देतात, तो चालू ठेवायचा का? घरात एकही गोचीड दिसली नाही, मग निदान चुकलं तर नाही ना? घरात दोन वर्षांची मुलगी आणि एक मांजर आहे, त्यांचं काय? आणि दिवाळीत सावंतवाडीला सासरी त्याला नेता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. गोळ्या थांबवू नका. एकही दिवस कमी नाही.

या आजारात फसवणूक होते ती नेमकी इथेच. एर्लिकिया कॅनिस नावाचा हा जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींच्या आत शिरून राहतो. डॉक्सिसायक्लिन त्याला एका फटक्यात मारत नाही, त्याची वाढ रोखून धरतं. वाढ थांबली की ताप उतरतो, भूक लागते. हे एक ते तीन दिवसांत होतं आणि घरच्यांना वाटतं, गड सर झाला. प्रत्यक्षात पेशींच्या आत दडून बसलेले जिवाणू अजून तिथेच असतात. गोळी बंद केली की ते निवांतपणे पुन्हा वाढायला लागतात, पण लगेच ताप येईलच असं नाही. कुत्रा महिनोन्महिने, कधीकधी वर्षानुवर्षं वरवर धडधाकट दिसतो. खातो, खेळतो, फक्त रक्त तपासलं तर प्लेटलेट जराशा कमी दिसतात. त्यातले काही कुत्रे आपापल्या प्रतिकारशक्तीवर बरे होतात. काहींचा आजार मात्र हाडांच्या मगजापर्यंत पोहोचतो आणि रक्ताचा कारखानाच बंद पडायला लागतो. तिथे पोहोचलेल्या कुत्र्याला वाचवणं फार अवघड असतं.

माझ्याकडे एक जर्मन शेफर्ड यायचा. मालक शिकलेले, कुत्र्यावर जीव टाकणारे. नवव्या-दहाव्या दिवशी त्यांनी गोळ्या बंद केल्या, कारण 'इतकं अँटिबायोटिक बरं नाही' असं कुणीतरी सांगितलं. आठ महिन्यांनी तो आला तेव्हा हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या, पोटावर जांभळे डाग होते आणि एका डोळ्याची नजर गेलेली होती. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही तळाला. जर्मन शेफर्डला हा आजार जास्त छळतो हे जुनं निरीक्षण आहे. हा जिवाणू पहिल्यांदा १९३५ मध्ये अल्जीरियात ओळखला गेला, पण त्याची खरी दहशत बसली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस, व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याचे जर्मन शेफर्ड नाकातून रक्त येऊन मोठ्या संख्येने मेले तेव्हा. लॅब्रॅडोर त्या मानाने नशीबवान, पण म्हणून सूट नाही.

मात्रा एकदा पडताळून घ्या. सर्वसाधारणपणे किलोमागे १० मिलिग्रॅम रोज, एकदम किंवा दोन वेळांत विभागून. म्हणजे चिकूला दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. तुमच्या चिठ्ठीवर याच्या निम्मं दिसलं तर डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने वाढवू नका. गोळी रिकाम्या पोटी कधीच नको, उलटी होते. चार घास जेवण, मग गोळी, मग पुन्हा दोन घास. दूध, दही, पनीर आणि कॅल्शियमचं टॉनिक गोळीच्या दोन तास आधी आणि नंतर नको, कारण कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. आपल्याकडे गोळी दह्यात कालवून द्यायची सवय घराघरांत आहे, म्हणून मुद्दाम सांगते. गोळी कोरडी घशात ढकलू नका. ती अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते.

आता क्रोसिन. तुम्ही ओझरतं लिहिलंय की पहिल्या दिवशी 'अंग गरम लागलं म्हणून अर्धी दिली'. बरं झालं, अर्धीवरच थांबलात. एक तर कुत्र्याचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं. त्याचं निरोगी तापमानच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे माणसाच्या थर्मामीटरवर चिकू रोजच तापलेला दिसेल. ताप मोजायचा तर गुदद्वारातून, टोकाला थोडं खोबरेल तेल लावून. १०३ च्या वर गेला तर ताप. आणि दुसरं म्हणजे माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला घरच्या घरी द्यायच्याच नाहीत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक जठराला जखमा करतात, मूत्रपिंडं बिघडवतात, आणि ज्याच्या प्लेटलेट ३८,००० आहेत त्याच्या पोटात रक्तस्राव सुरू करायला तेवढं पुरतं. गिधाडं ज्याने संपत आली आणि म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ज्यावर आपल्या देशात बंदी आली, तेच हे डायक्लोफेनॅक. पॅरासिटामॉलचं, म्हणजे तुमच्या क्रोसिनचं बोलायचं तर कुत्र्यात डॉक्टर ते क्वचित, मोजून वापरतात. मांजराला मात्र एक गोळी जीवघेणी ठरू शकते. तुमच्या घरात मांजर आहे, तेव्हा औषधांचा डबा बंद कपाटात जाऊ द्या.

प्लेटलेटच्या आकड्याने तुमची झोप उडवलीय हे दिसतंय. तुम्ही रोज रक्त तपासून घेताय. ते थांबवा. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख. तीस-पन्नास हजारांच्या खाली गेल्या की आपोआप रक्त येण्याची भीती असते, आणि चिकूला नाकातून आलंच. पण हा आकडा यंत्र मोजतं, आणि रक्त काढताना शीर पटकन सापडली नाही, सुई दोनदा टोचावी लागली, तर प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. यंत्राला त्या गुठळ्या मोजता येत नाहीत आणि ते खोटा कमी आकडा छापून मोकळं होतं. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुठल्याच कमी आकड्यावर विश्वास ठेवत नाही. तुमच्या अहवालात काचपट्टीचा उल्लेख नाही. पुढच्या वेळी आवर्जून मागा. साधारण वेळापत्रक असं ठेवा: सातव्या-आठव्या दिवशी एक तपासणी (तुमची झालीय, १,४०,००० आली, उत्तम), २८ दिवस संपल्यावर दुसरी, आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तिसरी. मधल्या काळात आकड्यापेक्षा कुत्र्याकडे पाहा. ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघा. पोटावरची पातळ केसांची जागा आणि मांडीची आतली बाजू रोज एकदा उजेडात तपासा. टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके नव्याने दिसले, शी डांबरासारखी काळी झाली किंवा झोपेत श्वास मिनिटाला चाळिसाच्या पुढे गेला, तर रात्रीचे बारा वाजले असले तरी दवाखाना गाठायचा.

पपईच्या पानांचा रस. सासूबाईंना दुखवू नका, त्या प्रेमाने देताहेत. डेंग्यूच्या साथीत हा रस घराघरांत शिरला आणि तिथून तो कुत्र्यांच्या वाडग्यात आला. पण गोचीडतापात प्लेटलेट वाढतात त्या जिवाणू आवरल्यामुळे, आणि ते काम डॉक्सिसायक्लिन करतंय. रस कडू असतो, त्याने कुत्रा उलटी करतो, आणि उलटीबरोबर सकाळची गोळीही बाहेर पडते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिला प्रश्न हाच विचारते: रस चालू आहे का? बीट, डाळिंब, खजूर यांनीही प्लेटलेट वाढत नाहीत, थोडंसं खाल्लं तर बिघडत मात्र काही नाही. द्राक्षं आणि मनुका कधीच नकोत, मूत्रपिंडं जातात. लसूणही नको. 'लसणाच्या वासाने गोचिडी पळतात' म्हणून लोक रोज दोन पाकळ्या पोळीत घालतात. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, आणि आधीच रक्त कमी असलेल्या कुत्र्याला हे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. सासूबाईंना काहीतरी करायचंच असेल तर त्यांना मऊ भात, उकडलेलं चिकन किंवा अंडं, हळद-मीठ-फोडणी काहीही न घालता करायला सांगा. तीन आठवडे आजारातून उठणाऱ्या कुत्र्याला याहून मोठी सेवा नाही.

निदान चुकलं का, हा प्रश्न योग्य आहे, पण त्याचं कारण चुकीचं आहे. गोचीड न दिसणं हा पुरावा नाही. तुमच्याकडे जी झटपट पट्टीची चाचणी झाली, ती जिवाणू शोधत नाही. जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. त्यामुळे आजाराच्या पहिल्या आठवड्यात ती उगाच नकारात्मक येऊ शकते, आणि पूर्ण बरा झालेला कुत्राही पुढे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं सकारात्मक येत राहतो. म्हणून २८ दिवसांनंतर 'बरा झाला का' हे बघायला तीच पट्टी पुन्हा करू नका. ती पुन्हा दोन रेघा दाखवणार, तुम्ही घाबरणार, कुणीतरी पुन्हा महिनाभर डॉक्सिसायक्लिन देणार. असे वर्षातून तीन-तीन वेळा विनाकारण औषध घेतलेले कुत्रे माझ्याकडे येतात. जिवाणू खरोखर उरलाय का हे पाहायचं असेल तर पीसीआर चाचणी.

चिकूच्या बाबतीत ताप, नाकातलं रक्त, कमी प्लेटलेट आणि गोळ्यांना तीन दिवसांत दिलेली साथ, हे सगळं एकमेकांशी जुळतं. मला निदानाबद्दल शंका नाही. एकच गोष्ट तपासलेली असावी: बबेसिया. तीही गोचिडीतूनच येते, पण ती जिवाणू नव्हे, मलेरियाच्या जातकुळीतला परजीवी. लाल पेशीत शिरून त्या फोडतो. यात हिरड्या फिकट, डोळे पिवळसर आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. त्यातला बबेसिया गिब्सोनी हा तर आपल्या मातीतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. डॉक्सिसायक्लिन एकट्याने तो जात नाही. त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिनची जोडी द्यावी लागते, आणि ती महाग पडते. मोठ्या आकाराच्या बबेसियाला वेगळं इंजेक्शन असतं. एकाच गोचिडीने दोन्ही रोग दिलेले कुत्रे अजिबात दुर्मीळ नाहीत. म्हणून नवव्या-दहाव्या दिवशी प्लेटलेट वाढत असून हिमोग्लोबिन मात्र घसरत असेल, तर डॉक्टरांना 'बबेसिया बघितला का' असं स्पष्ट विचारा. चिकूचं हिमोग्लोबिन स्थिर आहे. तूर्त काळजी नाही.

आता ज्यासाठी मी एवढं लांबवतेय ती गोष्ट. गोचीड.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर पहिली काही वर्षं मीही फक्त कुत्रा बघत होते. इंजेक्शन, गोळ्या, गोचिडीचा साबण, चला. एका घरातला स्पॅनियल वर्षात तिसऱ्यांदा गोचीडतापाने आला तेव्हा मी चिडून त्यांच्या घरी गेले. स्वच्छ, टापटीप घर. फरशीत तोंड दिसावं इतकी लख्ख. कुत्र्याच्या अंगावर एक गोचीड नाही. मग बाईंनी स्वयंपाकघरात चहा ठेवला आणि मी सहज भिंतीवरचं कालनिर्णय वर उचललं. मागे, खिळ्याच्या भोवती, तपकिरी रांग. फ्रीजच्या मागे, दाराच्या चौकटीच्या फटीत, पंख्याच्या वाटीपाशी छताला चिकटलेल्या. वरच्या दिशेने चढायची या गोचिडीची सवय मी पुस्तकात वाचली होती. पाहिली ती त्या दिवशी.

आपल्याकडे कुत्र्यांवर सापडते ती तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस. हिचं वेगळेपण असं की हिला रान लागत नाही, घर पुरतं. आयुष्यात तीन वेळा ती रक्त पिते: आधी खसखशीच्या दाण्याएवढी सहा पायांची पिल्लू असताना, मग आठ पायांची किशोरी असताना, मग पूर्ण वाढल्यावर. प्रत्येक वेळी ती कुत्र्यावर चढते, काही दिवस पिते आणि उतरून जाते. उतरली की फट शोधते, कात टाकते आणि पुढच्या जेवणाची वाट बघते. पूर्ण वाढलेली मादी आठवडाभर रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी फुगते, खाली पडते आणि एखाद्या फटीत काही हजार अंडी घालून मरते. उबदार हवेत अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंतचा फेरा दोन-अडीच महिन्यांत पुरा होतो, आणि पुण्यात हवा उबदार नसते असे महिने किती? उपाशी गोचीड वर्षभरही तग धरते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर कुठल्याही दिवशी दिसतात त्या थोड्याच. उरलेल्या तुमच्या सोफ्याच्या शिवणीत, प्लायवूडच्या मागे, जिन्याच्या कठड्याखाली असतात. चिकूसारख्या दाट केसांच्या लॅब्रॅडोरवर खसखशीएवढं पिल्लू तुम्हाला दिसलं असतं तरच नवल. आणि चावल्यापासून ताप यायला एक ते तीन आठवडे जातात. ताप येईपर्यंत चावणारी कधीच उतरून गेलेली असते.

तर आज संध्याकाळी हे करा. चिकूला टॉर्चच्या उजेडात तपासा. कानाच्या आत आणि कानाच्या काठाची घडी, पायाच्या बोटांच्या मधली जागा, काखा, पट्ट्याखालची मान, शेपटीचं मूळ, ओठांची कड. सापडलीच तर टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ, सावकाश ओढायची. बोटांनी चिरडायची नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. रॉकेल, डिझेल, कापराचं तेल, तंबाखूचं पाणी यातलं काहीही अंगाला लावायचं नाही. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटलं तर फुप्फुसात जातं. तंबाखूतलं निकोटीन कातडीतूनही शोषलं जातं आणि ते विष आहे. गावाकडचा सीताफळाच्या बियांच्या पुडीचा उपाय तर फार वाईट. पूड डोळ्यात गेली की बुबुळ भाजून निघतं, आणि ती लावणाऱ्याच्याही डोळ्यात जाते.

घरासाठी: चिकूची गादी आणि पांघरूण उकळत्या पाण्यात, मग कडक उन्हात. सोफा, पलंगाखालची जागा, भिंत आणि फरशीचा सांधा व्हॅक्यूमने ओढून काढायचा आणि पिशवी लगेच बांधून बाहेर टाकायची. चौकटींच्या फटी, स्कर्टिंगच्या भेगा पुट्टीने बुजवा. या कामाला एक गवंडी अर्धा दिवस पुरतो आणि कुठल्याही फवारणीपेक्षा हे जास्त टिकतं. गोचिडी दिसल्याच तर फवारणी करून घ्या, पण एकदाच करून काम होत नाही. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा हात हवाच. फवारणीच्या दिवशी चिकू, मुलगी आणि मांजर तिघंही घराबाहेर, फिशटँक असेल तर झाकून हवेचा पंप बंद, आणि फरशी पूर्ण वाळल्याशिवाय कुणी आत यायचं नाही.

पण तुमचं घर कितीही बंदोबस्तात ठेवलंत तरी चिकू दिवसातून दोनदा खाली उतरतो. तुम्ही लिहिलंय की वॉचमनच्या केबिनजवळ सोसायटीची तीन कुत्री झोपतात आणि चिकू तिथे वास घेत रेंगाळतो. मला वाटतं गोष्ट तिथूनच आली. त्यावर त्यांना हाकला असा उपाय निघतो. त्याने काही होत नाही, त्यांच्या जागी नवी येतात आणि केबिनच्या भिंतीतल्या गोचिडी तशाच राहतात. सोसायटीत वर्गणी काढून त्या तिघांनाही तीन महिने पुरणारी गोचीडप्रतिबंधक गोळी खाऊ घाला आणि केबिनच्या भेगा बुजवून घ्या. बिर्याणीच्या एका ऑर्डरइतका खर्च प्रत्येक घराला येणार नाही. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीने हे दोन वर्षं नेमाने केलं. तिथून येणारे गोचीडतापाचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले.

प्रतिबंधक औषधांपैकी चिकूसाठी मी खायची गोळी निवडीन. फ्लुरालॅनर साधारण तीन महिने चालतं, अफॉक्सोलॅनर आणि सारोलॅनर महिनाभर. ही औषधं रक्तात राहतात, म्हणजे मरण्यासाठी गोचिडीला आधी चावावं लागतं. आणि एर्लिकिया काही तासांतच अंगात उतरू शकतो, त्यामुळे हे कवच शंभर टक्के नाही. पण गोचीड अंडी घालण्याआधी मरते, आणि घरातली साखळी तुटते ती याने. चिकूला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांत झटके येतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. गोळी वजनाप्रमाणे येते. मोठ्या कुत्र्याची गोळी सुरीने कापून दोघांना वाटण्याची काटकसर करू नका, औषध गोळीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही. आणि पावसाळा संपला म्हणून थांबू नका. आपल्याकडे या गोचिडीला सुट्टीचा हंगाम नाही.

मांजर: तिला एर्लिकियाची चिंता फारशी नाही. तिला धोका आहे तो चिकूच्या औषधाचा. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत आणि बऱ्याच पावडरींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला नाही. थरथर, झटके आणि मग मृत्यू. ती चिकूला बिलगून झोपत असेल तर तेवढंही पुरतं. गोठ्यात वापरायचं अमिट्राझ या गोचीडनाशकाचं पाणी कुणी 'एक झाकण बादलीत' म्हणून सुचवलं तर त्यालाही नाही म्हणा.

मुलीला चिकूपासून हा आजार लागणार नाही. शिंकेतून, लाळेतून, एका ताटातून तो पसरत नाही, त्याला मधे गोचीड लागते. मात्र हीच तपकिरी गोचीड माणसाला चावली तर रिकेट्सिया नावाच्या दुसऱ्या जिवाणूचा एक वेगळा ताप देऊ शकते, ज्यात अंगावर, तळहात-तळपायांवरही पुरळ येतं. म्हणून मुलीच्या अंगावर, केसांत, कानामागे गोचीड दिसली आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर बालरोगतज्ज्ञांना 'गोचीड चावली होती' हे तुम्ही होऊन सांगा. ते विचारतीलच असं नाही.

एक बारीकसारीक: औषध चालू असताना लस नको. वार्षिक रेबीजची तारीख जवळ आली असेल तर २८ दिवस संपून रक्ताचा अहवाल चांगला आल्यावर, पण मग दिरंगाई नको. आणि यापुढे चिकूचं रक्त दुसऱ्या कुत्र्याला देता येणार नाही. व्हॉट्सॲपवर रक्तदात्याची हाक येते तेव्हा २५ किलोच्या वरच्या लॅब्रॅडोरवर सगळ्यांचा डोळा असतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सावंतवाडी. नेता येईल, २८ दिवस पूर्ण झालेले असतील तर. सहा-सात तासांचा रस्ता आहे, घाटात वळणं आहेत, तेव्हा निघण्याआधी चार तास पोट हलकं ठेवा. तिथे वाड्यातल्या आणि गोठ्याजवळच्या गोचिडी वेगळ्या, त्यामुळे प्रतिबंधक गोळी निघायच्या किमान दोन दिवस आधी पोटात गेलेली असू दे. तुम्ही विचारलंय की 'तिकडचा माकडताप कुत्र्याला होतो का'. माकडतापाचा विषाणू रानातली दुसऱ्या जातीची गोचीड वाहते. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात तो ओळखला गेला आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात रुग्ण सापडले. तुमच्या घरातल्या तपकिरी गोचिडीचा त्याच्याशी संबंध नाही आणि चिकू त्याने आजारी पडेल ही भीती बाळगू नका. जपायचंय ते तुम्हाला. त्याचा मोसम साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत, दिवाळी त्याच्या अलीकडेच येते. तरी चिकूला घेऊन काजूच्या बागेपलीकडे रानात शिरू नका, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. परत आल्यावर अंगणातच, घरात शिरण्याआधी, त्याचे कान आणि पंजे टॉर्चने बघायचे.

निघण्याच्या आठवडाभर आधी ती दुसरी रक्ततपासणी करून घ्या, काचपट्टीसह, आणि सगळ्या अहवालांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत तिथे रात्री अकराला कुणा डॉक्टरांना उठवावं लागलं, तर त्यांना ३८,००० पासूनची सगळी हकीकत तोंडाने सांगत बसावं लागणार नाही.